वाट्यावरची मरळ

गोड्या पाण्यातल्या माशाला आमच्याकडे कुणी मासा म्हणत नाही. समुद्राकाठी वाढलेल्या बाईपुढे ओढ्यातला मासा ठेवा, ती नाक मुरडून म्हणणार, चिखलाचा वास येतोय. त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्या शिमग्याला आमचे हे मुंबईहून काचेची पेटी घेऊन आले, तिच्यात विहिरीचं पाणी ओतलं आणि एक लाल मासा सोडला, तेव्हा आळीतल्या बायकांना हसू आवरेना. एकीने तर विचारलं, "याचा कालवन पन लालच व्हतो का गं?"

हे मुंबईला एका शेठच्या बंगल्यावर कामाला होते. शेठने नवी पेटी आणली आणि जुनी यांना देऊन टाकली. तिचा एक कोपरा गळत होता, तो यांनी मचव्याला, म्हणजे मोठ्या होडीला लावतात त्या डांबराने बुजवला. मासे दोन निघाले होते कळशीतून, पण दिघीला आगबोट लागायच्या आत एक गेला. उरलेला एकटा त्या पेटीत या टोकाकडून त्या टोकाला फिरत राहायचा. मी त्याच्याकडे बघत बसायची, कारण त्या घरात मीही तेच करत होते.

तेव्हा आमच्याकडे नबाबाचं राज्य होतं. माझं माहेर दिघीला, आणि मला दिली म्हसळ्याला. घर कौलारू, दारात स्वतःचा मचवा, कणगीत भात. आयने दोन स्थळं परत पाठवून हे धरलं होतं आणि सगळ्या वाडीत मिरवलं होतं. पण बडा घर पोकळ वासा. चाव्यांचा जुडगा मोठ्या जावेच्या कमरेला, आणि तिच्या जिभेला मात्र कुलूप नव्हतं. हे मुंबईला परत गेले की दिवसचे दिवस माझ्याशी धड कुणी बोलायचं नाही. मला तिथे करमत नव्हतं. आणि हे आयला कळू द्यायचं नाही, एवढं एकच मी मनाशी घट्ट धरलं होतं. कळलं असतं तर तिने स्वतःलाच दोष दिला असता.

निघताना यांनी सांगितलं होतं, "एकटा मासा झुरतो. त्याला सोबत घाल. पन घालताना तोंड बघ, अंग बघू नको. ज्याच्या तोंडात दुसरा मावतो, तो सोबतीला चालत न्हाय." माझं अर्धं लक्ष त्यांच्या ट्रंकेकडे होतं. त्यामुळे बाजाराच्या दिवशी आय आली तेव्हा मी तिला माशासाठी सोबत आण एवढंच म्हटलं. तोंडाचं सांगायचं राहून गेलं.

आय सुकी मासळी विकायची. भरतीबरोबर होडीने खाडीतून वर यायची आणि ओहोटीला परत जायची. आता मासळी विकणाऱ्या बाईचा वाटा कसा असतो ते सांगायला हवं. खाली बारकं पसरायचं आणि वर एक मोठा, देखणा मासा ठेवायचा. गिऱ्हाईक त्या वरच्याला बघून वाकतं. आणि वाटा लेकीच्या सासरी जायचा असेल, तर वरचा मासा टोपलीतला सगळ्यांत मोठा हवा, नाहीतर माहेरचं नाक जातं. आयने जित्या माशांचाही वाटाच लावला. एका कातकरणीकडून ओढ्यातले बारके चंदेरी मासे घेतले, एक मिशाळ शिंगटी घेतली, आणि लेकीच्या घरी जायचं म्हणून वर एक वीतभर मरळ. मडक्यात ती मेली वर कशाला राहते! तळाशी जाऊन बसली होती.

आयने ओटीवरूनच मडकं दिलं आणि मी सगळे मासे पेटीत सोडले. पहिल्या दिवशी चंदेरी कमी दिसले. मला वाटलं दगडाआड लपले असतील. दुसऱ्या दिवशी दगड उचलून बघितला. तिसऱ्या सकाळी पाण्यावर दोन लाल खवले तरंगत होते आणि मरळ पोट फुगवून निवांत पडली होती. शिंगटीचासुद्धा पत्ता नव्हता.

जाऊ मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "म्हायेरचा पावना आला नि घरातला खाऊन बसला."

यांची भीती मला नव्हती. ते रागावले तरी तासाभराने निवळायचे. पण जावेचं ते बोलणं आयच्या कानी गेलं असतं तर? म्हणून मी खोटं बोलायला लागले. दर बाजाराला आय ओटीवर टेकायची. लेकीला मूल झाल्याशिवाय ती आत यायची नाही, तशी रीतच होती, आणि त्या रीतीने मला वाचवलं. ती विचारायची, "मासं बरं हायत ना?" मी म्हणायची, हायत. "आनि तू?" मी म्हणायची, मी पन बरी हाय. माशांसाठी ती पदरात कोंडा बांधून आणायची, तो मी कोंबड्यांना घालायची.

मरळ मी टाकून का दिली नाही? एक तर आयने निवडलेली होती. आणि खरं सांगायचं तर मला तिचा लळा लागला होता. मी जवळ बसले की ती काचेशी यायची. तिने लाल मासा खाल्ला होता, तरी यायची तेव्हा मला बरं वाटायचं.

श्रावणातल्या एका बाजाराला जावेनेच घात केला. ओटीवर येऊन गोड आवाजात म्हणाली, "आत या की. तुमची भेट बघून तरी जा." मोठ्या सुनेने बोलावल्यावर आयला नाही म्हणता येईना. ती पेटीपुढे उभी राहिली. जाऊ चुलीकडे गेली.

"बाकीचं?" आयने विचारलं.

"मेलं."

तेवढ्यात मरळ श्वास घ्यायला वर आली आणि तिने तोंड उघडलं. उभा जन्म मासळीत गेलेल्या बाईला आणखी काय सांगायचं? आय काचेजवळ वाकली. मग हळूच म्हणाली, "मी वरचाच बघितला गं." आणि माझ्याकडे न बघताच, "तुला पन तशीच दिली का मी?"

मी हसले. चांगली मोठ्याने हसले. "काय पन बोलतेस, आये! मी बरी हाय."

"बरं," म्हणाली, आणि टोपली उचलून गेली.

पुढच्या बाजाराला ती मडकं घेऊन आली आणि कुणी न बोलावता सरळ आत आली. ती दुपार मला अजून आठवते आणि अजून हवीशी वाटते. दोघी पेटीपुढे मांडी घालून बसलो होतो. आदल्या दिवशी अख्खी दुपार ती कातकरणीबरोबर ओढ्यावर बसली होती म्हणे, मासे पकडायला नव्हे, नुसते बघायला. "हे धा एका मापाचं. थव्यानं ऱ्हातात, सुटं टाकलंस तर घाबरतील. ही तळाची, कुनाच्या वाटंला जात न्हाय. एक पट्ट्यांचा व्हता, दिसायला नवरदेव, पन दुसऱ्याच्या शेपट्या तोडत व्हता. त्याला तिथंच ठेवला." एकेक मासा ओंजळीने सोडायची, तो कसा वागतो ते बघायची, मग दुसरा. मरळीचं तिने कालवण केलं नाही. "तिचा काय दोष?" म्हणून मडक्यातून परत घेऊन गेली आणि ओढ्यात सोडली. ते मासे पुढे बरीच वर्षं सुखाने नांदले. यांनीही बघून मान डोलावली.

आयचं समाधान झालं, माझं खोटं पचलं, असं मी धरून चालले.

दिवाळीनंतर माझ्या धाकट्या बहिणीला आगरदांड्याहून स्थळ आलं. दोन मचवे, माडीचं घर. सगळे खूश. आय मात्र सुक्या बोंबलांची टोपली घेऊन तरीतून खाडी ओलांडून पलीकडे गेली आणि चार दिवस त्यांच्याच आळीत विकत फिरली, त्यांच्याच विहिरीवर बायकांत बसली. परत आली आणि स्थळ मोडलं. बहिणीला दिली ती एका झावळ्यांच्या घरात, जिथे मचवा नव्हता पण दोन जावा एका ताटात जेवायच्या.

बहिणीने तेव्हाच तिला विचारलं होतं, एवढं मोठं घर का घालवलंस म्हणून. हे तिने मला सांगितलं फार पुढे, आय गेल्यावर. आय म्हणाली होती, "तुझी बहीन दर बाजाराला मला सांगते, मी बरी हाय. म्हनून."