कॅपखालची दाढ

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझ्या दाढेवर कॅप बसवली ती नवऱ्याच्या मित्राने. त्याचा दवाखाना रविवार कारंजाजवळ होता, पण जीव सगळा पिंपळगावच्या द्राक्षबागेत. मला तोंड उघडून बसवायचा आणि नवऱ्याशी फवारणीच्या गप्पा मारायचा. दाढेचं रूट कॅनलही त्यानेच केलेलं. नस काढलेली, त्यामुळे आत काही बिघडलं तरी दुखून कळायची सोय नव्हती.

सात-आठ वर्षांनी त्या बाजूने घाण चव येऊ लागली, मग वास. मी शाळेत शिकवायचे. वह्या दाखवायला आलेली मुलं एक पाऊल मागे उभी राहतात, हे माझ्या लक्षात आलं. रोज दोनदा दात घासत होते, लवंग चघळत होते. शेवटी नवऱ्याला घेऊन त्याच्याकडे गेले.

त्याने आरसा तोंडात घातला, एक क्षण पाहिलं आणि काढला. "वहिनी, कॅप ठणठणीत आहे. धातूला कधी कीड लागते का?" मग नवऱ्याकडे वळून म्हणाला, "पोट साफ नसेल रे यांचं."

नवऱ्याने मान डोलावली. मी तीन महिने मुकाट्याने त्रिफळा घेतला. त्या माणसाच्या अडाणीपणाइतकाच माझ्या त्या त्रिफळ्याचाही मला आजवर राग येतो.

शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर, घरी न सांगता, सिडकोत नवीन दवाखाना टाकलेल्या मुलीकडे गेले. तिने आधी विचारलं, "कधीपासून होतंय मॅडम?" हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. एक्स-रे काढून ती म्हणाली, "कॅपची कड दाताला टेकलेलीच नाही. फटीतून अन्न आत जात राहिलं. कॅप कापून काढल्याशिवाय खरं किती सडलंय ते कळणार नाही."

कॅप निघाली तसा जो वास सुटला, त्याने मीच नाक धरलं. तिने हातात आरसा दिला. आत काळपट, ओला लगदा होता.

"दाढ काढावी लागेल?"

"बघू. साफ केल्यावर खाली घट्ट दात उरला तर वाचेल."

उरला, थोडासा. तिने कीड कोरून काढली, रूट कॅनल पुन्हा केलं, आधाराला आत एक बारीक खिळा बसवला आणि वर नवी कॅप. चार-पाच खेपा झाल्या. वास गेला.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "त्याला कळलं तर वाईट वाटेल गं."

त्याला कळलं ते एका लग्नात, माझ्याच तोंडून. सगळं ऐकून घेतलं त्याने. "पण वहिनी, आठ वर्षं टिकली की," म्हणाला आणि जिलेबी घ्यायला गेला. नवराही त्याच्या मागोमाग गेला.