मुठीएवढी जागा

आमच्या घरी बाबा आल्याची वर्दी चौकट द्यायची. आधी फाटकाची कडी, मग पायरीवर चपलांचा आवाज आणि मग दारात टक्कन डोकं आपटल्याचा. पाठोपाठ चौकट बसवणाऱ्या सुताराच्या सात पिढ्यांचा उद्धार. बाबा सवासहा फूट, आणि घर बांधलेलं बाकीच्या जगासाठी. आई आणि मी दोघीही जेमतेम पाच फूट. "तिघांची सरासरी काढली तं आपण बरोबर माणसं आहो," असं म्हणत बाबा कपाळ चोळायचे आणि पाणी मागायचे.

तो टक्क आवाज मला हल्ली फार आठवतो. इतका की कधीकधी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात उगाच कान देऊन उभी राहते. बाबा घरातच असतात, आतल्या खोलीत. चौकटीखालून दिवसातून दहा वेळा जातात. अजूनही मान वाकवून जातात, पण आता त्यांच्या डोक्यात आणि चौकटीत चांगली वीतभर जागा उरते.

इतवारीच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान होतं. बोळ अरुंद, दुकान त्याहून अरुंद आणि छताला टांगलेले झारे, पळ्या, चाळण्या, कडीचे डबे. बाबा उभे राहिले की वरचा सगळा संसार खणखणायचा. म्हणून ते शक्यतो उभे राहतच नसत. गादीवर लोडाला टेकून बसायचे, पाय पुढे पसरून. गिऱ्हाईक भाव करू लागलं की आधी नुसतं ऐकायचे, आणि सौदा जमतोय असं वाटलं की उजवा पाय वर घेऊन मांडी घालायचे. समोरचे कापडवाले म्हणत, शेठचा पाय वर आला की समजा परात विकली गेली.

त्या गादीच्या समोर भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं. साल केव्हाच उलटून गेलं होतं, पण बाबा ते काढू देत नसत, कारण त्यावर एक लाल गाडी होती. दोन दारं, दोनच माणसांची जागा, लांबलचक नाक, पोट जमिनीला टेकलेलं. मी शाळेतून दुकानात आले की बाबा तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "या गाडीत माणूस बसत नाही वं, पसरते. लंब्या माणसाले लंबी गाडी पायजे." जन्मभर हा माणूस घडी घालून जगत आला होता. स्कूटरवर गुडघे बाहेर, बसमध्ये गुडघे समोरच्याच्या पाठीत, लग्नाच्या पंगतीत पाय कुठे ठेवावेत हा प्रश्न. त्यांना एकदा, एकदाच, गाडी चालवताना पाय लांब करायचे होते. त्यांच्या हौसेचा सगळा अर्थ एवढाच होता.

मी बुटीबोरीला सुताच्या कारखान्यात नोकरीला लागले, तिथेच तपासणी विभागात पुष्कळ वर्षं काढली. हाताशी थोडं साठलं तेव्हा ओळखीतल्या एका डॉक्टरांची गाडी विकाऊ असल्याचं कळलं. लाल, दोन दारांची, कॅलेंडरातल्या गाडीची धाकटी बहीण शोभावी अशी. डॉक्टर विकत होते कारण त्यांची कंबर गेली होती. ते भले गृहस्थ. त्यांनी मला आत बसवलं आणि सांगितलं, "अशा गाडीत आधी बसून बघायचं. पाठ पूर्ण टेकवा. हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर पडलं पाहिजे. क्लच शेवटपर्यंत दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. आणि डोकं नि छप्पर यांच्यामध्ये आपली मूठ मावली पाहिजे." मी सगळं करून पाहिलं. मनगट पडलं, गुडघा वाकला, मुठीवर मूठ ठेवली तरी वर जागा. शिंप्यानं माझंच माप घेऊन शिवली होती जणू. मला वाटलं गाडी म्हणजे साडी, कोणालाही होते.

गाडी दारात आली तेव्हा आईनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. बाबा दुकानातून आले, फाटकातच थांबले. उन्हाचे दिवस होते, डोक्याला दुपट्टा बांधलेला. मग गाडीभोवती एक फेरी मारली, छपरावर हात ठेवला. छप्पर त्यांच्या पोटाशी येत होतं.

"माह्यासाठी?" त्यांनी विचारलं.

"मग काय माझ्यासाठी? मला काय हौस आहे?"

यानंतर जे झालं ते सगळ्या गल्लीनं पाहिलं. बाबांनी आधी पाय घातला, तर डोकं बाहेर राहिलं. मग डोकं घातलं, तर पाय अडकले. मग पाठमोरे बसले आणि मागे घसरले, तेव्हा दुपट्टा निघून दाराच्या कडीला लटकला. शेजारचे काका म्हणाले, तिरपे व्हा. त्यांची सून म्हणाली, श्वास सोडा. शेवटी बाबा आत बसले खरे, पण मान खांद्यावर कलती, कोणी कानात काही सांगत असल्यासारखी. दोन्ही गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंना वर आलेले. डोकं आणि छप्पर यांच्यामध्ये मूठ काय, नखही गेलं नसतं. सीट मागे सरकवायला जागाच नव्हती, खाली करायची सोय नव्हती. तेव्हा मला एक गोष्ट कळली, जी त्या दिवसाआधी कळायला हवी होती असं सगळेच म्हणतात: या गाड्या बाहेरून लांब दिसतात ती लांबी सगळी नाकाची असते, माणसाच्या वाट्याला टीचभर येते.

"दात आहेत तं चणे नाहीत, चणे आहेत तं दात नाहीत," आई म्हणाली. "लेकीले जागा आहे तं हौस नाही, बापाले हौस आहे तं जागा नाही."

बाबा आतूनच म्हणाले, "होते. सगळं होते. डबा लहान पडला तं माणूस आतली ताटली काढते, डबा फेकते काय?"

आतली ताटली म्हणजे सीट. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी नेऊन चालकाची सीट काढायला लावली. गॅरेजवाला तयार नव्हता. बाबांनी त्याला पटवलं, परात विकायचे तसंच. सीटच्या जागी एक फळी पक्की केली, आणि फळीवर दुकानातली गादी पट्ट्यांनी आवळून बांधली. पाठीला लोड. इतवारीत गादीवर बसून उभं आयुष्य काढलेल्या माणसालाच हे सुचू शकतं. मी म्हटलं, "बाबा, असं कोणी करतं का?" तर म्हणाले, "काहून? मी तीस वर्षं असाच बसून राहिलो ना?"

आणि खोटं कशाला बोलू, बाबा मावले. मान सरळ झाली. पाय लांब झाले. मी खिडकीतून हात घालून मूठ त्यांच्या डोक्यावर धरली, ती कशीबशी, केस चुरगाळत, पण गेली. बाबा आरशात स्वतःकडे बघत होते. त्यांना इतकं खूश मी दिवाळीच्या गर्दीतही पाहिलं नव्हतं.

रस्त्यावर असली गाडी नेणं शक्यच नव्हतं. म्हणून रविवारी सकाळी मी पोलिसाचा डोळा चुकवून, त्या गादीवर उशी घेऊन, गाडी कळमेश्वर रोडच्या एका ले-आउटमध्ये नेली. मागून बाबा आणि आई स्कूटरवर. ले-आउट म्हणजे नुसते आखलेले रस्ते, प्लॉटचे दगड आणि मुरमाचे ढीग. चिटपाखरू नव्हतं. बाबा गादीवर बसले, मी शेजारी. आई एका दगडावर.

त्यांनी पहिला गिअर टाकला, मग दुसरा. एक फेरी झाली. पाय लांब, मान ताठ, खिडकीतून वारा. "पाहून राहिली ना वं?" ते मला म्हणाले. मी पाहत होते. दुसरी फेरी झाली. आई हसून हात हलवत होती. तिसऱ्या फेरीला बाबा लोडाला छान रेलले, एक लांब श्वास सोडला, आणि उजवा पाय वर घेऊन मांडी घातली.

गुडघा स्टिअरिंगखाली गच्च बसला. चाक ना इकडे वळेना ना तिकडे. गाडी अगदी शांतपणे, ठरवून निघाल्यासारखी, मुरमाच्या ढिगात गेली आणि नाक खुपसून बंद पडली. लागलं कोणालाच नाही. आई चप्पल टाकून धावत आली आणि बघते तर आम्ही दोघं आत बसून हसतोय. बाबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मग ते पाणी येतच राहिलं आणि हसू थांबलं.

"सवय आहे वं," ते म्हणाले. "गादीवर जीव रमला का पाय वर येते. त्याले मी काय करू?"

मी म्हटलं, पुन्हा करू, पाय बांधून ठेवू. त्यांनी गुडघा सोडवला, हळूहळू बाहेर आले, पाठ सरळ केली आणि बॉनेटवरचा मुरूम दुपट्ट्यानं पुसला. "नाही. ही माह्या मापाची नाही. तू चालव."

सीट परत बसली. गाडी मी चालवू लागले. प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट खरवडून निघायचं आणि मी बाबांसारखा रस्तेवाल्यांचा उद्धार करायचे. बाबा दर रविवारी ती धुवायचे, पुसायचे, पण आत बसायचं नाव काढत नसत. विकू का म्हटलं की म्हणायचे, "राहू दे. खात आहे काय ती?"

मग वर्षं गेली. दुकान चुलतभावानं घेतलं. बाबा घरी राहू लागले, आणि कधी सुरू झालं ते आम्हाला कळलंच नाही. आधी आईच्या हातात पायजम्यांच्या दुमडी दिसायला लागल्या. बाबा चिडायचे, हा पायजमा लांब काहून झाला? आई शांतपणे सांगायची, शिंप्यानं माप चुकवलं. पुढच्या वर्षी परत. "त्या शिंप्याले डोळे दाखवाले सांग," बाबा म्हणायचे. तिनं त्या बिचाऱ्या शिंप्याचं नाव शेवटपर्यंत खराब केलं, पण बाबांना कळू दिलं नाही. हाडांचे डॉक्टर म्हणाले, मणके झिजतात, दबतात, पाठ पुढे येते, वयच आहे. आईच्या माघारी दुमडी घालायचं काम माझ्याकडे आलं. शिंप्याला दोष द्यायचंही.

मला राग येतो. कोणावर ते सांगता येत नाही. माणूस म्हातारा होतो हे मला कळतं, पण माझे बाबा लहान व्हावेत हे मला मान्य नाही. गर्दीत त्यांचं डोकं सगळ्यांच्या वर दिसायचं. जत्रेत मी हरवले की आई म्हणायची, वर बघ, बाप दिसेल. आता मी बाजारात त्यांचा हात सोडत नाही.

परवाच्या दसऱ्याला गाडीची पूजा केली. बाबा काठी टेकत बाहेर आले. झेंडूचा हार घातलेल्या गाडीकडे बराच वेळ बघत राहिले आणि एकदम म्हणाले, "बसून पाहू काय?"

मी दार उघडलं. मनात म्हटलं, आता पुन्हा ती कसरत. धरायला हात पुढे केला, तोवर बाबा बसलेही होते. एक पाय, दुसरा पाय, झालं. कुठेच काही अडकलं नाही. पाठ सीटला लागली, गुडघे स्टिअरिंगच्या खाली राहिले. फक्त मान त्यांनी खांद्यावर कलती ठेवली होती, त्या पहिल्या दिवशीसारखी, छप्पर लागेल म्हणून.

"बाबा, मान सरळ करा."

"लागते वं."

"नाही लागत. करा."

त्यांनी हळूहळू मान वर केली. डोळे मिटून, कपाळावर आठी घालून, टक्क व्हायची वाट बघत. काहीच झालं नाही. मी आत हात घालून मूठ त्यांच्या डोक्यावर धरली. मूठ गेली. तिच्यावर दुसरी मूठ ठेवली, तीही गेली. माझ्या जागेवर माझे बाबा बसले होते, आणि त्यांना गाडी माझ्याइतकीच होत होती.

बाबांनी डोळे उघडले. छपराकडे पाहिलं, त्याला हात लावला, हात लांब करावा लागला. मग स्टिअरिंग धरून माझ्याकडे वळले. चेहरा तोच, ले-आउटमधल्या दुसऱ्या फेरीचा.

"तू गाडी मोठी करून आणली काय वं?"

आईचा शिंपी आठवला.

"हाव, बाबा," मी म्हटलं. "करून घेतली."

ते खुशीत मान हलवत राहिले. पाय लांब करून बघितले, पुन्हा जवळ घेतले. मग जरा रुसल्यासारखे म्हणाले, "मग पहिलेच काहून नाही केली?"

"कारागीर मिळत नव्हता."

"चांगला मिळाला पण," बाबा म्हणाले, आणि मान ताठ करून समोर रस्त्याकडे बघत बसले. माझी मूठ अजून त्यांच्या डोक्यावर होती. मी ती काढली नाही.