खंडेनवमीला बंद केलेला टेलिप्रिंटर

खंडेनवमीच्या दुपारी मी टेलिप्रिंटर बंद केला आणि सरांची तीन दिवस चाललेली आकडेमोड मेली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे मला दसरा झाल्यावर कळलं.

सांगलीच्या आमच्या कॉलेजात तेव्हा एक संगणक आला होता. आला म्हणजे उसना. दसऱ्यानंतर तो दुसऱ्या गावी जाणार होता. कपाटाएवढं मशीन, त्याच्याशी बोलायला टाइपरायटरसारखा एकच टेलिप्रिंटर आणि सांभाळायला तिथंच शिकून नुकताच नोकरीला लागलेला मी. मी का, तर त्याची माहितीपुस्तिका वाचायला मी मागितली होती. वाचली होती असं नव्हे.

सर मला शिकवायला होते. त्यांच्या विषयात मी काठावर पास झालो, आणि तो काठ त्यांनीच जरा अलीकडे ओढला होता. पलूसच्या शेतकऱ्याच्या घरातला हा माणूस. मातीच्या धरणातून पाणी कसं झिरपतं, याची गणितं नऊ वर्षं हातानं करत होता. मार्चमध्ये निवृत्ती. त्याआधी प्रबंध द्यायचा, एवढी एकच हौस उरलेली. शेवटचं गणित मात्र हाताला झेपणारं नव्हतं. मशीनलाच पाच दिवस लागणार होते.

पाच दिवस टेलिप्रिंटर अडवला तर पोरांनी काय करायचं? मी शक्कल लढवली. कागदी पट्टीवर भोकं पाडून आज्ञा लिहिल्या : हे गणित घे, पाठीमागे चालव, टेलिप्रिंटर मोकळा कर. पट्टी सरकली, टेलिप्रिंटर खडखडून गप्प झाला. मशीनवरचे दिवे लुकलुकत राहिले.

"चालू हाय का रं खरंच?" सरांनी विचारलं.

"सर, तुम्ही घरी जा, मी घरी जातो. ते चालतच राहणार."

"मधली उत्तरं पट्टीवर उतरवून ठेवायची का?"

"कशाला पट्टी वाया? शेवटी एकदमच घेऊ."

तीन दिवस सर सकाळ-संध्याकाळ येऊन दिवे बघून जायचे. उसाला पाणी सोडलेला माणूस बांधावर चक्कर मारतो, तसे.

खंडेनवमीला शिपाईमामा झेंडूच्या माळा घेऊन हजर. "सायेब, आज हत्यार चालवत न्हाईत. बंद करा."

"मामा, मशीन बंद नाही करता येणार."

"मग पूजा कशाची करायची? चालत्या हत्याराची?"

मी तोडगा काढला. काम तर पाठीमागे चाललंय, मशीनच्या पोटात. टेलिप्रिंटर तेवढा विसावू दे. बटण बंद केलं, हळदकुंकू वाहिलं, माळ घातली. दिव्यांकडे बघितलंच नाही. माळ मधोमध बसली का, ते बघत होतो. मग खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि औंधची एसटी धरली.

घरी पुरणपोळी खाताना वडिलांना ऐटीत म्हटलं, "मी हितं जेवतोय आणि तिकडं सांगलीत माझं काम चाललंय."

वडील फौजेतून आलेले. "पहाऱ्यावर कोण हाय?"

"कुणी लागत नाही."

वडिलांनी पोळीवर तूप ओतून घेतलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परतलो तर सर कुलपासमोर उभे. एका हातात आपट्याची पानं, दुसऱ्या हातात साताऱ्याहून मागवलेले कंदी पेढे. मामा म्हणाले, सर दोन्ही दिवस येऊन बंद दाराला कान लावून गेले होते. मी दार उघडलं, टेलिप्रिंटर लावला. त्यानं एक ठिपका उमटवला आणि पुढची आज्ञा काय, म्हणून थांबला. दिवे स्थिर होते.

मग मी पुस्तिका वाचली. ज्या टेलिप्रिंटरवरून काम सुरू केलं तो बंद झाला, की त्याचं पाठीमागचं कामही बंद. एवढी एकच ओळ होती. तिच्यावर माझ्याच चहाच्या कपाचा गोल डाग पडला होता.

सरांनीही ती ओळ वाचली. दोनदा. मग पुस्तिका मिटून म्हणाले, "जेवलास का?" आणि पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला. तो फोडायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला आणि मशीन गेलं. प्रबंध राहिला तो राहिलाच.

मार्चमध्ये निरोपाचा हार पडल्यावर सरांच्या वह्या मी डोक्यावरून त्यांच्या घरी पोचवल्या. सर खुर्चीत बसून हाराची फुलं एकेक सोडवत होते. काकूंनी पाणी दिलं. म्हणाल्या, "त्ये मशीन ऐन वक्ताला बिघडलं, न्हाईतर..."

सरांनी घरी तसं सांगितलं होतं. सहा महिने.

माझ्यानं राहवलं नाही. "काकू, मशीन चांगलं होतं. मी बटण बंद केलं."

काकूंनी सरांकडे बघितलं. सरांनी मान वर केली नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"तवाच म्हनलं हुतं ह्यास्नी, ह्या पोराला पास करू नगा."