न बघितलेले साठ डाव

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? एका माणसाची नोकरी जाण्यात माझा हात होता. तो अमेरिकेत राहतो, वजनाने माझ्या दुप्पट आहे आणि माझं नाव त्याने आयुष्यात कधी ऐकलेलं नाही. मी त्याला बघितलं ते फक्त पडद्यावर, बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधल्या आमच्या ऑफिसात. खरं तर बघितलं असंही म्हणता येणार नाही. माझा गुन्हा तोच आहे.

आमचं काम काय, हे सांगताना माझी नेहमी फजिती होते. सासरे अजून समजतात की मी जाहिरातींच्या व्हिडिओंचं काहीतरी करतो. तर अमेरिकन फुटबॉल, म्हणजे पायाने कमी आणि खांद्याने जास्त खेळतात तो. तिकडे रविवारी सामने होतात, त्यांचे व्हिडिओ सोमवारी सकाळी आमच्याकडे येतात, आणि आम्ही पंधरा-वीस जण सातच्या ठोक्याला खुर्चीवर बसून एकेक डाव बघतो. डाव म्हणजे पाच-सहा सेकंदांची झटापट. प्रत्येक डावात प्रत्येक खेळाडूला एक खूण द्यायची. चांगलं केलं तर अधिक, चुकला तर उणे, नाहीतर शून्य. या खुणांचे अहवाल तिकडच्या क्लबांना जातात. कुणाला ठेवायचं आणि कुणाला सोडायचं हे ठरवताना ते इतर पन्नास गोष्टींबरोबर आमचाही कागद बघतात. उंटावरून शेळ्या हाकण्याचा इतका राजरोस धंदा दुसरा नसेल.

प्रत्येक डाव दोघांनी वेगवेगळा बघायचा, एकमेकांची खूण न बघता. दोघांचं जमलं तर प्रश्न मिटला. जमलं नाही तर तो डाव तिसऱ्याकडे जातो. तिसऱ्याने तो तीनदा बघायचा, दोनदा नेहमीच्या वेगाने आणि एकदा सावकाश, आणि निकाल द्यायचा. आमच्या गटातला तिसरा मी. नियमांची चाळीस पानी वहीसुद्धा मीच लिहिलेली. मला नीटनेटकं लिहायची हौस आहे, आणि आपण लिहिलेलं कुणी खोडलं की माझं डोकं फिरतं. घरचेही हे जाणून आहेत.

त्या वहीत एक वाक्य होतं. ते समजायला एवढंच कळलं तरी पुरे: बचावाच्या पहिल्या फळीत, अगदी मधोमध, एक अवाढव्य गडी उभा असतो. त्याला नोज टॅकल म्हणतात, आम्ही नुसतं ‘मधला’ म्हणायचो. डाव सुरू झाला की समोरचे दोघे त्याच्यावर तुटून पडतात. त्याने दोघांना अंगावर घ्यायचं आणि जागा सोडायची नाही. मग त्याच्या पाठीमागचे गडी मोकळे राहतात, आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला तेच लोळवतात. टाळ्या त्यांना, फोटो त्यांचे. माझं वाक्य होतं: ‘जागा राखली, बाकी काही केलं नाही: शून्य.’ मला ते फार आवडायचं. कसं सुटसुटीत.

आमच्याकडे एक बाई काम करायच्या, सगळे त्यांना अक्का म्हणायचे. पन्नाशीला टेकलेल्या, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या. चार पिढ्यांपासून बंगळूरात असलेल्या मराठी घरातल्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. रोज आनेकलहून पहाटेची बस पकडून यायच्या. तरुणपणी बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्याच्या कबड्डी संघात त्या कव्हरला खेळत. कोपऱ्यातली बाई चढाई करणारीचा घोटा पकडते, आणि कव्हरवाली धावत येऊन अंगानिशी तिला दाबते. पकड मात्र कोपऱ्याच्याच नावावर लागते. पुढे त्यांचा गुडघा गेला, संघ सुटला, आणि कुणाच्या तरी ओळखीने त्या आमच्याकडे आल्या. इंग्रजी बेताचं, टायपिंग कासवाच्या गतीचं, पण नजर अशी की मी दहा वर्षांत दुसरी पाहिली नाही.

त्या वर्षी हंगाम संपल्यावर एका क्लबाने आमच्याकडे खास अहवाल मागितला. त्यांचा मधला वयाची बत्तीस ओलांडलेला, करार संपत आलेला. ठेवावा की सोडावा? अक्का आणि एक नवा पदवीधर मुलगा, दोघांनी त्याचा अख्खा हंगाम बघितला. साठेक डावांवर दोघांचं जमलं नाही. सगळे एकाच जातीचे डाव: दोघे अंगावर, याने जागा सोडली नाही, पाडलं दुसऱ्यानेच. मुलाने वहीप्रमाणे शून्य दिलं होतं. अक्कांनी अधिक.

मी त्यांना बोलावून वहीतलं वाक्य दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, वाक्य मला पाठ आहे, पण स्वल्प, म्हणजे जरा, इकडे या आणि डाव बघा. मी त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिलो. त्यांनी एक डाव लावला. मी बघून म्हणालो, यात त्याने काय केलं? चेंडू तर पार डावीकडून गेला.

“सर, तुम्ही चेंडू बघताय,” त्या म्हणाल्या. “चेंडू बघणारे बाहेर स्टेडियमात बसलेत की हो. तुम्ही त्याच्या मागचे दोघे बघा.”

आजूबाजूला कुणीतरी फिसकन हसलं. बस, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हणालो, उरलेले मी माझ्या जागेवर बसून बघतो, सावकाश बघतो. त्यांचा चेहरा उजळला. त्यांना खरंच वाटलं की आता एकदा नीट बघितलं जाणार.

जागेवर जाऊन मी ते साठही डाव एकत्र निवडले. यंत्रात तशी सोय आहे, एकसारख्या किरकोळ चुका झटकन दुरुस्त करण्यासाठी ठेवलेली. सगळ्यांना एकदम शून्य दिलं. मग यंत्राने नेहमीप्रमाणे विचारलं, तिसऱ्या नजरेने तपासले का? मी ‘हो’वर बोट टेकवलं. दुपारचे अडीच वाजले होते. ना मला कुठे जायची घाई होती, ना वरून कुणाचा दबाव होता. आज कारण शोधू म्हटलं तर एकच सापडतं: पंधरा माणसांसमोर एका बाईने मला सांगितलं होतं की मला बघता येत नाही. अहवालात मी स्वतः एक ओळ लिहिली: ‘प्रभाव मर्यादित, उतरता.’ लिहून चहा प्यायला गेलो.

महिन्या-दीड महिन्याने बातमी आली, क्लबाने त्याला सोडलं. दुसऱ्या कुणी त्याला घेतलं नाही. त्या वयाच्या मधल्याला एका जागेवरून उठवलं की सहसा कुणी दुसरी देत नाही. मी स्वतःची समजूत घातली की त्यांचे डॉक्टर आहेत, प्रशिक्षक आहेत, माझ्या एका कागदाने काय होतंय. कदाचित ते खरंही असेल. पण चोराच्या मनात चांदणं. त्या दिवसापासून मी अक्कांच्या टेबलापुढून जायचं टाळायला लागलो, पाण्यासाठी लांबचा वळसा घालून जायचो.

त्यांनी मला जिन्यात गाठलंच. आवाजात तक्रार नव्हती, राग तर नाहीच.

“सर, ते साठच्या साठ बघितलेत ना तुम्ही?”

“बघितले,” मी म्हणालो.

“तीनदा?”

“तीनदा.”

त्यांनी कठडा धरला. “सरी,” त्या म्हणाल्या, म्हणजे कन्नडमध्ये ‘बरं’. “मग मलाच चुकीचं दिसलं असेल.” आणि दुखरा गुडघा सांभाळत एकेक पायरी उतरून गेल्या.

तिथेच त्यांना थांबवायला हवं होतं. मी वर गेलो.

पुढच्या हंगामात त्या क्लबाचे सामने आमच्याच गटाकडे आले. मधल्याच्या जागी त्यांनी एक तरणाबांड गडी आणला होता, चपळ, दिसायला देखणा. समोरचा एकच जण त्याला बाजूला सारायचा आणि दुसरा मोकळा होऊन थेट मागच्यांवर जाऊन आदळायचा. आदल्या वर्षी ज्या दोघांचे फोटो छापून येत होते, ते दोघे डावामागून डाव जमिनीवर दिसायला लागले. तिकडचे लोक म्हणायला लागले की त्यांची भूक संपली. मी मात्र पहिल्यांदाच चेंडू सोडून मागचे दोघे बघत होतो, आणि मला सगळं लख्ख दिसत होतं. मग एका दुपारी मी जुना हंगाम उघडला आणि ते साठ डाव बघितले. तीनदा, दोनदा नेहमीच्या वेगाने आणि एकदा सावकाश. पाच-सात सोडले तर अक्कांचं प्रत्येक अधिक खरं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यावर मी काय केलं? वहीतलं वाक्य बदललं. ‘दोघांना गुंतवून जागा राखली: अधिक.’ कुणाला कारण सांगितलं नाही, वर्षअखेरच्या बदलांच्या यादीत चौदावा म्हणून गुपचूप घातलं. मला वाटलं झालं, आता अक्का पुन्हा त्यांच्या पद्धतीने खुणा देतील आणि सगळं आपोआप रुळावर येईल. न बोलता चूक दुरुस्त करण्यात मी पटाईत आहे.

रुळावर काही आलं नाही. त्यापुढचा हंगाम संपत आला तेव्हा वरच्या ऑफिसातून आमच्या गटाचं कौतुक आलं, की तुमच्याकडे आता मतभेदच फारसे होत नाहीत, तिसऱ्याचं काम जवळजवळ संपलंय. मी ती शाबासकी खिशात घातली आणि नंतर जरा शंका आली. अक्कांच्या खुणा उघडून बघितल्या. पहिल्या फळीतल्या मधल्यांना शून्य. पुढच्या सामन्यातही शून्य. एका डावात तर दोघांनी मिळून एका पोराला गुडघ्यावर आणलं होतं, तरी तो तसूभर सरकला नव्हता. माझ्यासारख्यालाही ते दिसलं. अक्कांनी शून्य दिलं होतं. जोडीच्या मुलाने सवयीने शून्य दिलं होतं. दोघांचं जमलं होतं, त्यामुळे तो डाव माझ्यापर्यंत येण्याचा प्रश्नच नव्हता.

मी आडून विचारलं, अक्का, नियम बदललाय, वाचलात ना? म्हणाल्या, वाचला. पण दोघं खरंच गुंतले की आपल्यालाच तसं वाटतंय, ते मला आता सांगता येत नाही. चष्म्याचा नंबरही बदलून घेतला, म्हणाल्या. पुढच्या वर्षापासून त्यांना फक्त लाथेने चेंडू उडवायचे डाव द्यावेत, त्यात नजर लागत नाही, असा अर्जही त्यांनी लिहून आणला होता.

तो अर्ज तीन दिवस माझ्या टेबलावर पडून होता. चौथ्या दिवशी तीन वाजता, त्या बसला निघायची तयारी करत असताना, मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“अक्का, ते साठ डाव मी बघितले नव्हते. एकही नाही. तुमचा राग आला म्हणून सगळ्यांना एकदम शून्य दिलं. नंतर बघितले. तुमचं बरोबर होतं.”

त्या पर्स मांडीवर घेऊन खाली बसल्या. इतके दिवस का सांगितलं नाहीत, असं त्यांनी विचारलंच नाही, आणि त्याचं उत्तर तर मी घोकून ठेवलं होतं. “म्हणजे मला दिसत होतं,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला हलकं वाटलं. मनात म्हटलं, सुटलो. आता त्या चिडतील, चार शब्द ऐकवतील, मी माफी मागेन.

त्या चिडल्या नाहीत. बंद पडद्याकडे बघत म्हणाल्या, “दोन हंगाम झाले की हो, सर. तेव्हापासून मधल्या प्रत्येक पोराला मी शून्य देत आले. तुम्ही तीनदा बघितलंत म्हणून.”

इतके दिवस मी एकाच माणसाचं ओझं वागवत होतो. बाकीचे माझ्या हिशेबातच नव्हते.

ते आता बदलता येईल का, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. अहवाल केव्हाच गेलेत, जुन्या हंगामांच्या खुणा यंत्रात आता बंद आहेत, ज्यांना ठेवायचं त्यांना ठेवलं आणि ज्यांना सोडायचं त्यांना सोडलं. त्यांनी मान हलवली, पर्स खाली ठेवली आणि पडदा पुन्हा सुरू केला. बस निघून जाईल, मी म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. गेल्याच्या गेल्या वर्षीचा पहिला सामना काढला आणि शेजारी एक कोरा कागद ओढला. मी खुर्ची घेऊन त्यांच्या बाजूला बसू लागलो.

“तुम्ही नको,” त्या मान न वळवता म्हणाल्या. “माझं मला बघू द्या.”

मी खुर्ची परत ठेवली. त्या एकेक डाव तीनदा लावत होत्या आणि ज्याला अधिक द्यायला हवं होतं त्याचं नाव कागदावर लिहीत होत्या, गिचमिड इंग्रजीत, सावकाश. मी निघालो तेव्हा पहिली बाजू भरून त्यांनी कागद उलटला होता.