कठड्याजवळच्या दोन खुर्च्या

त्या बोटीवर दोन हजार माणसं होती आणि त्यांत समुद्र बघायला आलेलं माणूस एकच होतं. ती माझी बायको. बाकीचे आम्ही सगळे खायला आलो होतो.

बडोद्याजवळ कोयलीच्या रिफायनरीत मी चौतीस वर्षं शिफ्ट केली. घरी आलो की घोरायचो, उठलो की मित्रांत जाऊन बडबडायचो. बायकोला दर वेळी सांगायचो, "रिटायर झालो की तुला समुद्रावर नेईन आणि दिवसभर तुझ्याशेजारी गप्प बसेन." तिनं हे वाक्य शब्दशः जपून ठेवलं होतं, विशेषतः 'गप्प'. शेवटी मुलानं परदेशातून तिकिटं काढून दिली. मुंबईहून निघायचं आणि मध्ये तीन दिवस नुसतं पाणी. खोली मात्र बोटीच्या पोटात मिळाली, बिनखिडकीची. बायको म्हणाली, "झोपायलाच तर लागते. दिवसा वर बसू की."

पहिल्या दिवशी उजाडताच मी डेकवर कठड्यालगतच्या दोन खुर्च्या धरल्या. करजणच्या बसमध्ये धरतो तशा, रुमाल टाकून. बोटीवरच्या माणसानं दोनदा ते रुमाल उचलून धुवायला नेले, मी दोनदा नवे टाकले.

मग जनता उठली. नाश्त्याची रांग मुंबईच्या धक्क्यापासून लक्षद्वीपपर्यंत गेली होती, आणि पुढच्या माणसाची इडली संपेपर्यंत मागच्याची जेवणाची वेळ व्हायची. त्यानंतर तंबोला, तंबोल्यानंतर अंताक्षरी, मग पोहण्याच्या तलावाभोवती भर दुपारी गरबा. कठड्यापाशी लोक यायचे ते फोटोपुरते, म्हणजे समुद्राकडे पाठ करून. एवढं पाणी फुकट वाहत होतं, पण त्याच्याकडे तोंड करून कोणी उभं राहिलं नाही.

बायको मात्र खुर्चीत बसली, पदर सावरला आणि बघायला लागली. मी शेजारी. गप्प. घड्याळ लावून सांगतो, अकरा मिनिटं.

बाजूला सुरतेची पाच-सहा मंडळी खाकरे मोडत बसली होती. बडोदे म्हटल्यावर त्यांतल्या एका भाईंनी विचारलं, "तमारे त्यां मगर घरमां आवी जाय छे, साचुं?"

आता हे मला विचारायचं म्हणजे गरबेवाल्याला ढोल दाखवायचा. विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या जिन्यावर मगर चढली होती, एवढं खरं. असेल पाच फुटांची. मी तिला दहाची केली. दंडुक्यानं तिचा जबडा अडवला, हातानं भाकरी भरवली, शेपटीला धरून फाटकाबाहेर सोडली. जाताना तिनं मागे वळून पाहिलं, असंही सांगितलं.

"ने भाभी क्यां हतां?" एका बेननं विचारलं.

"भाभी? माळ्यावर देव पाण्यात घालून बसली होती. देव म्हणत होते, बाई, आधीच काय कमी पाणी आहे?"

सगळे खदखदून हसले. बायको हसली नाही. पुराचे ते दोन दिवस मी घरी नव्हतोच, कोयलीत अडकलो होतो. मगर बघून दार लावलं तिनं. दाराला कपाट ढकललं तिनं. फोन लागत नव्हता, म्हणून दोन दिवस एकटी खिडकीतून जिन्यावर नजर ठेवून बसली, तीही तीच.

"ऊन लागतंय," म्हणून ती उठली.

खुर्ची रिकामी झाली तशी मी त्या भाईंना म्हणालो, "बेसो ने, बेसो." त्यानंतर ती खुर्ची रिकामी झालीच नाही. दुसऱ्या दिवशी मगर बारा फुटांची झाली, तिसऱ्या दिवशी चौदाची, आणि सोबत तिचा नवराही आला.

तिसऱ्या दुपारी मी खाली गेलो. बायको पलंगाच्या कडेला बसून टीव्ही बघत होती. बोटीच्या नाकावर कॅमेरा असतो, त्यातून दिसणारा समुद्र एका चॅनेलवर दिवसभर चालू असतो. आवाज नसतो.

"अगं, वर चल. सगळे भाभी, भाभी करताहेत."

"किती फुटांची झाली?"

"चौदा."

"आणि माझ्या खुर्चीत कोण आहे?"

मी टीव्हीकडे बघायला लागलो.

"असू दे," ती म्हणाली. "इथून चांगला दिसतो."

मी तिथं बसायला हवं होतं. बाजूला जागा होती. पण वर माझी मगर अर्धवट राहिली होती, म्हणून गेलो.

बडोद्याला परतल्यावर सोसायटीतल्या बायका जमल्या. शेजारच्या बेननं विचारलं, "भाभी, दरियो केवो हतो?"

बायकोनं चिवड्याच्या बशा ठेवल्या आणि सावकाश, तिच्या नीटस गुजरातीत, सांगायला लागली. कठड्यापाशी दोनच खुर्च्या होत्या. रोज सकाळी आम्ही दोघं जाऊन बसायचो, ते थेट सूर्य बुडेपर्यंत. समुद्र इतका जवळ की चहात शिंतोडे यायचे. आणि यांनी तीन दिवसांत तोंडातून एक शब्द काढला नाही, नुसते शेजारी बसून होते.

जन्मभर थापा मारल्या मी, पण एवढी मोठी मला कधी सुचली नव्हती.

बायका माझ्याकडे वळल्या. मी तीन दिवस गप्प बसलो, यावर त्यांचा विश्वास बसणं कठीणच होतं. शेजारच्या बेननं विचारलं, "साचुं, भाई?"

बायको बशा सारख्या करत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण हात थांबले होते.

"साचुं," मी म्हणालो.