दिल्लीच्या गच्चीवर गुढी

वृत्तपत्राच्या कचेरीत माझं काम तारखा तपासण्याचं आहे. दुसऱ्याने लिहिलेल्या बातमीत वार चुकला, तिथी चुकली, तर ती चूक छापण्याआधी पकडायची. म्हणून दिल्लीची तिकिटं काढताना मी जे केलं ते आमच्या घरात अजून पाहुण्यांना सांगितलं जातं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मला शनिवार, रविवार आणि त्याला लागून लाल आकड्यातला सोमवार दिसला. मुलीची परीक्षा आदल्या आठवड्यात संपत होती. धाकटा सहा वर्षांचा, त्याला परीक्षाच नव्हती. मी कल्याणहून सुटणाऱ्या गाडीची चौघांची तिकिटं काढली. सोमवार लाल का आहे, ते वाचलं नाही.

ते मुलीने वाचलं. ती अकरा वर्षांची आहे.

"बाबा, हा पाडवा आहे."

"मग?"

"मग काय मग? माझी शिट्टी!"

डोंबिवलीत पाडव्याला सकाळी शोभायात्रा निघते आणि त्या दिवशी गावाला जाणाऱ्या माणसाकडे लोक जरा संशयाने बघतात. आमच्या सोसायटीच्या मुलींचं लेझीम पथक त्या यात्रेत असतं. पथकाच्या पुढे उभं राहून शिट्टीवर ते सुरू करायचं, हात बदलायला लावायचं, थांबवायचं, हे काम एकीकडे असतं. दोन वर्षं मागच्या रांगेत काढल्यावर यंदा ते माझ्या मुलीकडे आलं होतं. तिकिटं बदलून मिळेनात. ती रडली नाही. ताटातली पोळी अर्धी ठेवून ती तळमजल्यावर गेली. पथकाला शिकवणारी ताई तिथे राहते.

तासाभराने ती वर आली ती अट घेऊन. यात्रा चौकात थांबली की ताई व्हिडिओ कॉल लावणार आणि फोन टेम्पोवरच्या स्पीकरला जोडणार. शिट्टी दिल्लीतून वाजेल, पथक डोंबिवलीत सुरू होईल. मात्र शिट्टी वाजवणारीच्या मागे गुढी उभी दिसली पाहिजे. सणाच्या दिवशी हॉटेलातल्या गादीवर बसून वाजवलेली शिट्टी ताईला मान्य नव्हती. गुढी दिसली नाही, तर बी विंगमधली मुलगी दुसरी शिट्टी गळ्यात घालून तयारच असणार होती.

"म्हणजे आपण दिल्लीला गुढी उभारायला चाललोय," बायको म्हणाली. "लाल किल्ला वगैरे वाटेत लागला तर बघू."

सामान माझ्या आईने जमवलं. ती कल्याणला राहते. गाडी सुटायच्या आधी ती फलाटावर आली, पिशवीत तांब्या, खणाचा हिरवा तुकडा, हळदकुंकू, गुळाचा खडा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली साखरेची गाठी.

"गाठी तिकडे मिळायची नाही, जपून न्या," ती म्हणाली. "कडुलिंब मिळेल. काठी मात्र बघून घे रे, सरळ हवी. आणि पाडव्याचा वार नीट बघून ठेव. तुला सांगितलेलं बरं."

गाठी धाकट्याच्या कपड्यांच्या बॅगेत, मऊ जागी ठेवली.

दिल्लीत आम्ही एका जुन्या वसाहतीतल्या तीन मजली गेस्टहाउसमध्ये उतरलो. तिथली व्यवस्था बघणारे एक वयस्क गृहस्थ होते, गढवालकडचे. मुलं पहिल्या तासातच त्यांना चाचा म्हणू लागली. मुलीने सामान ठेवण्याआधी गच्ची बघितली. पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी आणि एका बाजूला लोखंडी कठडा. कठड्याला हात लावून तिने तो हलतो का बघितलं.

"इथे," ती म्हणाली.

शनिवारी आम्ही कुतुबमिनार बघितला. धाकट्याने तो मान वर करून बघितला आणि त्याला लिफ्ट आहे का ते विचारलं. रविवारी दुपारनंतर राष्ट्रपती भवनाकडून इंडिया गेटकडे चालत निघालो. दोन्ही बाजूंना हिरवळ, पाण्याचे लांब कालवे आणि मोकळी जागा. दिवा स्टेशन आणि डोंबिवलीच्या मधल्या प्रत्येक मोकळ्या तुकड्यावर बिल्डरचा फलक बघत वाढलेला हा मुलगा दोन्हीकडे माना वळवत चालत होता.

"बाबा, इथे कोणी बिल्डिंग का नाही बांधली?"

"हे सगळ्यांचं आहे."

"सगळ्यांना माहितीये?"

तेवढ्यात त्याने बहिणीच्या गळ्यातली शिट्टी ओढून जोरात वाजवली. समोरच्या रस्त्यावरची एक टॅक्सी थांबली. दोन पोलीस वळले. त्यातला एक आमच्यापर्यंत चालत आला आणि त्याने धाकट्याला नियम समजावून सांगितला की इथे शिट्टी फक्त त्याने वाजवायची. धाकट्याने मान डोलावली. मुलीने शिट्टी फ्रॉकच्या आत टाकली.

"एवढी लांब आणली आणि तू पकडवून देणार होतास!"

"वाजते की नाही बघितलं," तो म्हणाला.

काठी अजून मिळाली नव्हती. आदल्या दिवशी आम्ही दोन बाजारांत विचारलं होतं. एका ठिकाणी फक्त बांधकामाचे बांबू होते, त्यातला सर्वांत लहान आमच्या गेस्टहाउसपेक्षा फार कमी नव्हता. दुसऱ्या दुकानात पडद्याचे स्टीलचे दांडे होते. चाचांनी फरशी पुसायच्या दांड्याचं लाकूड चांगलं असल्याचं सांगितलं. मुलीने तो दांडा बघितला, त्यांना "थँक्यू चाचा" म्हणाली आणि खोलीत येऊन मला म्हणाली, "पोछ्याच्या काठीवर गुढी? आजी पुढच्या गाडीने इकडे येईल."

इंडिया गेटच्या हिरवळीवर तिने काठी बघितली तेव्हा साडेपाच झाले होते. बुढ्ढी के बाल, म्हणजे साखरेचा कापूस, विकणारा एक माणूस उभा होता. चाळिशीचा, डोक्याला गमछा. त्याच्या खांद्यावर उंच बांबू होता आणि बांबूला गुलाबी पाकिटं लटकवलेली. सगळी मुलं पाकिटांकडे बघत होती. माझी मुलगी पाकिटांच्या मधून जे दिसत होतं तिकडे बघत होती.

"सरळ आहे," ती म्हणाली. "आणि पेरंपण जवळजवळ आहेत."

तिने स्वतःच विचारलं. शाळेतलं हिंदी आणि डोंबिवलीतलं हिंदी यांचं मिश्रण करून तिने त्याला सण समजावला, तांब्या समजावला, लेझीम समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"डंडा दे दूँ तो माल कहाँ टाँगूँ, बिटिया? कान पे?"

"माल संपला की?"

"घर पे दूसरा डंडा है," तो म्हणाला. "पर माल तो ख़तम हो।"

माल म्हणजे पंधरा-सोळा पाकिटं होती. बायकोने माझ्याकडे बघितलं. धाकटा श्वास रोखून उभा होता. आम्ही सगळी घेतली. त्या माणसाने पाकिटं एकेक करून धाकट्याच्या हातात, मग काखेत, मग माझ्या हातात दिली, शेवटी रिकामा बांबू मुलीच्या हातात दिला आणि म्हणाला, "सीधा पकड़ना। हवा लगती है।"

मेट्रोच्या दारावर बांबूला प्रवेश नाकारण्यात आला. आम्ही रिक्षा केली. बांबू एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने हातभर बाहेर, मांडीवर गुलाबी पाकिटं. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच खाली करून एक पाकीट मागितलं. धाकट्याने थोडा विचार करून दिलं.

"ये क्या निकाला है, बारात?" रिक्षावाल्याने विचारलं.

"कल हमारा नया साल है," मुलगी म्हणाली.

"कल तो नवरात्रे हैं।"

"तेच. वही दिन. हम लोग गुढी लगाते हैं, ऊपर."

"तो ठीक है," तो म्हणाला आणि पुढच्या खड्ड्याला बांबू सांभाळून गाडी घेतली.

गेस्टहाउसच्या दारात चाचांनी काठी बघितली आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा गंभीर झाला. झेंडा लावायचा असेल तर मालकाला विचारावं लागेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. शेजारच्या रस्त्यावर कुणा बड्या माणसाचा बंगला होता आणि तिथे चोवीस तास पहारा. झेंडा नाही, हे मुलीने सांगितलं. मग काय आहे, हे सांगताना ती अडखळली. काठीला साडी नेसवतात, वर तांब्या उलटा घालतात, हे हिंदीत सांगितल्यावर जास्तच शंकास्पद वाटत होतं. शेवटी तिने आजीच्या घरचा गेल्या वर्षीचा फोटो दाखवला. चाचांनी तो चष्मा लावून बघितला.

"अच्छा, पूजा है," ते म्हणाले. "पूजा को कौन मना करेगा। चौड़ा वाला टेप मेरे पास है।"

सोमवारी सकाळी सहाला मी आणि धाकटा कडुलिंबासाठी बाहेर पडलो. दिल्लीच्या त्या भागात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कडुलिंबच आहेत. चैत्राची तांबूस पालवी होती, पण सगळी हाताच्या वर. मी धाकट्याला खांद्यावर घेतलं. तरी वीतभर कमी पडलं. बंगल्याच्या फाटकाशी उभा असलेला पहारेकरी हे बघत होता. तो आमच्याकडे यायला लागल्यावर मी मुलाला खाली उतरवायच्या बेतात होतो. त्याने आपली लाठी वर करून फांदी खाली वाकवून धरली.

"थोड़ा ही लेना," तो म्हणाला.

परत आलो तेव्हा गच्चीवर बांबू धुऊन, पुसून तयार होता. टोकाजवळचा साखरेचा एक गुलाबी डाग मात्र निघत नव्हता. बायकोने खणाला निऱ्या घातल्या. मुलीने नवा ड्रेस घातला होता आणि शिट्टी बाहेर काढली होती. साडेसातला कॉल येणार होता. सात वाजून पाच मिनिटांनी गाठी आणायला बॅग उघडली.

वर्तमानपत्राच्या पुडीत दोरा होता. दोऱ्याला एक पदक होतं, तेही अर्धं.

सगळ्यांनी धाकट्याकडे बघितलं.

"गाडीत एकच खाल्लं," तो म्हणाला. "मग कुतुबमिनारला एक. मग झोप येत नव्हती."

"अरे, गाठीशिवाय गुढी असते का!" मुलीचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "ताई बघणार. आजी बघणार. तू ना, एकदम..."

धाकटा खाली पळाला. आम्हाला वाटलं, रडायला गेला. तो दोन मिनिटांनी वर आला तेव्हा त्याच्या हातात न फोडलेली बुढ्ढी के बालची तीन पाकिटं होती. ती त्याने उशीखाली ठेवली होती, त्यामुळे थोडी चपटी झाली होती.

"ही पण साखरच आहे," तो म्हणाला.

मुलीने पाकिटं घेतली. उलटसुलट करून बघितली. मग गाठीच्याच दोऱ्यात तिन्ही ओवली, मधे अर्धं पदक ठेवलं. चाचांनी टेप धरला, मी काठी धरली. तांब्या, खण, कडुलिंब, बाजारातली झेंडूची माळ आणि गुलाबी गाठी. सात पंचवीसला गुढी कठड्यावर उभी होती. बायकोने हळदकुंकू वाहिलं, कडुलिंब आणि गूळ सगळ्यांच्या हातावर दिला. चाचांनी तो न कुरकुरता खाल्ला. घरचा एक तेवढा धाकटा कुरकुरला.

साडेसातला फोन आला नाही. पावणेआठलाही नाही. मुलगी गुढीसमोर ताठ उभी होती, शिट्टी ओठांत.

"बी विंगवालीला दिली असेल," ती शिट्टी न काढता म्हणाली.

यात्रा वेळेवर निघत नाही, हे मला माहीत होतं. दरवर्षी त्या बातमीत 'सकाळी सात वाजता' हे शब्द मीच तपासून पुढे पाठवतो. मी तिला तसं सांगितलं. तिने माझ्याकडे जे बघितलं त्यावरून तारखेच्या बाबतीत माझी साक्ष यापुढे चालणार नाही, हे कळलं.

आठ वाजून बावीस मिनिटांनी फोन वाजला. आधी फक्त ढोल ऐकू आले, मग कुणाचा तरी फेटा दिसला, मग ताईचा चेहरा.

"अगं, दिसत नाहीये, बाजूला हो! गुढी दाखव!"

मुलगी बाजूला झाली. पलीकडे एकदम कल्ला झाला. ताईच्या खांद्यावरून माझी आई डोकावली. ती कल्याणहून मुद्दाम आली होती.

"काठी छान आहे," ती ओरडली. "पण गाठी अशी गुलाबी कुठली गं?"

"दिल्लीची, आजी!"

"बघू नंतर! वाजव आता, लोक खोळंबलेत!"

मुलीने शिट्टी वाजवली. क्षणभर काहीच झालं नाही. आवाज दिल्लीहून डोंबिवलीला पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा. मग फोनच्या छोट्या चौकोनात सगळी लेझीम एकदम वर गेली. तिने दुसरी शिट्टी वाजवली, हात बदलले. तिसरी वाजवली, पथक वळलं. तिच्याकडे लेझीम नव्हती, पण पाय थांबत नव्हते. धाकट्याने ताशा नाही म्हणून स्टीलचा पेला वाजवला. खालच्या रस्त्यावर पहारेकरी वर बघत होता. शिट्टी ऐकूनही तो आपल्या जागेवरून हलला नाही.

लाल किल्ला राहिला. सूर्य मावळायच्या आत गुढी उतरवायची असते, आणि तोवर मुलगी गच्चीवरून हलायला तयार नव्हती. दुपारच्या उन्हात तिन्ही पाकिटांतला कापूस आटून सुपारीएवढे गोळे झाले. ते संध्याकाळी दोघांनी वाटून खाल्ले, तिसरा चाचांना दिला.

बांबू आमच्याबरोबर परत आला, खालच्या बर्थखाली तिरका ठेवून. कल्याणला आईने तो हातात घेऊन आधी सरळ आहे का बघितलं, मग टोकाचा गुलाबी डाग नखाने खरवडून बघितला. तो निघाला नाही.

"राहू दे," मुलगी म्हणाली.