प्लगचा रंग

चालती गाडी मुद्दाम बंद पाडण्यात आमच्या साडभाऊंचा हात धरणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडणार नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार जठारपेठ, अकोला. त्यांच्या मोटारसायकलीचं वय त्यांच्या लग्नाहून जास्त आहे, आणि माया कोणावर जास्त हे विचारायचं ताईंनी कधीच सोडून दिलं आहे. कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे ते बारीक भोकाचे पितळी स्क्रू, ताईंच्याच जुन्या कुंकवाच्या डबीत असतात. थंडीत मोठ्या भोकाचा जेट, उन्हाळ्यात लहान, आणि आभाळ भरून आलं तर दिवसभर नुसतीच चिंता.

जेट बदलला की परीक्षा अकोट रोडवर. मी अमरावतीहून गेलो की मागच्या सीटवर ठरलेलाच. साडभाऊ गाडी पुरती पळवायचे आणि ऐन भरात क्लच दाबून इंजिन बंद करायचे. मग गाडी आपली आपण घरंगळत राहायची. दोन्हीकडे फुटलेला कापूस, खाली टायरची सरसर, आणि तीही विझेपर्यंत आम्ही दोघं गप्प. मला तर वाटायचं, हा माणूस एवढं पेट्रोल जाळतो ते या अर्ध्या मिनिटासाठीच. एकदा मी मधेच शाळेतलं काही काढलं, तर हळूच म्हणाले, "मास्तर, गाडी झोपून राहिली. झोपू दे तिले." थांबल्यावर फडक्यात धरून ते गरम प्लग काढत; भर वेगातला रंग त्यावर तसाच राहिलेला असे. त्याच्या टोकाजवळची चिनीमाती काळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरी म्हणजे पेट्रोल कमी, इंजिन तापलं, पिस्टन गेला. हवा असतो तो भाकरीच्या पोटावर येतो तसा बदामी रंग. हे वेड ताटापर्यंतही पोचलं होतं. एकदा भाकर उलटीपालटी करत म्हणाले, "आज पेट्रोल जास्त झालं." ताई म्हणाल्या, "मंग उद्या जेट तुमीच बदला, अन् भाकरी बी तुमीच थापा."

दोन वर्षांपूर्वी त्यांना प्लग काळा दिसायला लागला. "काया पडून राहिला," म्हणत ते लहान जेट बसवायचे, मग त्याहून लहान. मला तो चांगला बदामी दिसत होता, पण इंजिनाच्या बाबतीत मराठीच्या मास्तराला कोण विचारतो? शेवटी एकदा प्लग पांढराफटक निघाला. त्यांनी तो उन्हात धरला आणि त्यांचा चेहरा फुलला. "जमला! सांग, कसा हाये?" त्या उन्हात मला त्यांच्या डोळ्यांवर धरलेली साय दिसली. आयुष्यभर पोरांचे अर्धे अर्धे गुण कापणारा मी म्हणालो, "अगदी बदामी." किती दिवसांनी ते असे खूश झाले होते! पुढे वर्षभर हेच उत्तर दिलं, आणि परतीच्या एसटीत बसलो की पिस्टनची काळजी जीव पोखरायची.

मोतीबिंदू शेवटी ताईंनीच मागे लागून काढवला. डॉक्टरांनी धुळीत जायची परवानगी दिली त्या रविवारी मी गेलो, तर साडभाऊ अंगणात प्लग घेऊन बसलेले.

"हा तं चुन्यासारखा पांढरा हाये, मास्तर. तुले दिसत होतं?"

"दिसत होतं."

"मंग काहून नाई सांगतलं?"

"तुम्ही खूश होता."

ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी मोठा जेट बसवला आणि किक मारली. इंजिनात पूर्वी नव्हती अशी एक बारीक खडखड होती. ती दोघांनीही ऐकली, आणि ती कोणामुळे हे दोघांनाही ठाऊक होतं. अकोट रोडवर गाडी घरंगळत थांबली. त्यांनी प्लग काढला आणि स्वतः न बघताच फडक्यासकट माझ्या हातात दिला.

"आता तू पाह्य. अन् खरं सांग."

मी बराच वेळ पाहिला. "अजून जरा पांढरा आहे," म्हणालो.

"हां," म्हणून ते कापसाकडे बघत राहिले. नव्या नजरेला ऊन सोसत नसेल, त्यांनी डोळे पुसले. "चाल, एक नंबर वाढवू."

तेव्हापासून प्लग आधी माझ्या हातात येतो. त्यांना आता माझ्याहून स्वच्छ दिसतं. तरी ते विचारतात, आणि मी सांगेन तोच रंग खरा धरतात.